चार वाजताची शिल्लक

३ मार्च

अखेर जिन्याखाली कागद लागला. सबस्टेशनमधला जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलून होईपर्यंत, म्हणजे अंदाजे दोन महिने, आमच्या भागात रोज सकाळी दहा ते दुपारी चार वीज नाही. 'अंदाजे' हा शब्द वाचून आप्पा हसले. माझे हे सासरे पस्तीस वर्षं घरोघर मीटर वाचत हिंडलेत. म्हणाले, "सूनबाई, आमच्या खात्यात अंदाजे म्हणजे देवाक काळजी."

काळजी देवाला नाही, मला आहे. आप्पांच्या फुप्फुसांनी दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला. तेव्हापासून ऑक्सिजनचं मशीन आणि त्याची नाकातली नळी, चोवीस तास. आंघोळीपुरती नळी निघते, मशीन तेव्हाही चालूच. ते विजेवर चालतं. वीज गेली की इन्व्हर्टर आणि त्याच्या दोन बॅटऱ्या. पूर्वी वीज कधीतरी तासभर जायची तेव्हा निभत होतं. आता रोज सहा तास.

नवरा बोटीवर, ऑगस्टपर्यंत येत नाही. फोनवर म्हणाला, "बॅटऱ्या पुरतील ना?" मी म्हटलं, पुरतील. मनात म्हटलं, अंदाजे.

५ मार्च

खरं लिहायचं म्हणून ही वही घेतलीय, तर खरंच लिहिते. आठ महिन्यांपूर्वी मी ड्रॉइंग ऑफिसमधली नोकरी सोडली, कारण आप्पांना एकटं ठेवता येत नव्हतं. सोडताना कुणी सांगितलं नव्हतं, मीच सोडली. तरी कधी कधी भांडी घासताना मनात येतं की आप्पा नसते तर मी आज कुठे असते. मग स्वतःचीच लाज वाटते, आणि भांडी जास्त जोरात घासली जातात.

आता पहिल्यांदा स्वतःचं काम मिळालंय. एका नव्या इमारतीतल्या घरांची आतली साठ चित्रं, १० एप्रिलपर्यंत. भिंती, फरशी, खिडकीतून आलेलं ऊन, सगळं खरं वाटलं पाहिजे. इंटिरियरवाल्या बाई म्हणाल्या, "हे जमलं तर पुढचं सगळं काम तुमच्याकडेच." मी घर आखते, रंग भरते आणि मग कॉम्प्युटरला सांगते की आता शिजव. तो प्रकाशाचा एकेक किरण मोजत चित्र शिजवतो. एकदा चुलीवर चढवलं की मध्येच उतरवता येत नाही.

आज ऑफिसातल्या मैत्रिणीशी बोलत होते. कानात हेडफोन असला की माझा आवाज चढतो, सगळेच म्हणतात. तिला म्हटलं, "अगं, आप्पांमुळे घरी बसलेय ना मी, नाहीतर आत्तापर्यंत हेड झाले असते." मागे वळले तर आप्पा कप घेऊन दारात. कप न ठेवताच परत गेले. बहुधा साखर कमी पडली असेल. विचारायचं राहूनच गेलं.

६ मार्च

क्रमानंच लिहिते, म्हणजे नीट लिहून होईल.

दहाला वीज गेली. माझ्या मोठ्या कॉम्प्युटरवर, ज्याला मी पैलवान म्हणते, सकाळपासून एकामागून एक चित्रं चढवत होते. वीज गेलीय हे डोक्यातच नव्हतं, कारण इन्व्हर्टरवर सगळं चालूच होतं. अडीच वाजता इन्व्हर्टर केकाटला आणि सगळं बंद. पंखा, पडदा, आणि आतल्या खोलीतलं मशीन.

घरात सिलिंडर आहे, अशा वेळेसाठीच. पण त्याची चावी जागेवर नव्हती. मी कपाटं उपसत होते आणि आप्पा पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते, तोंड उघडं, मासळीसारखं. मशीन बघायला येणाऱ्या सिस्टरांना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "फ्रिजवर बघा, मागच्या खेपेला मीच ठेवली होती." होती तिथेच. चार मिनिटं गेली असतील.

श्वास लागल्यावर आप्पांचं पहिलं वाक्य, "सूनबाई, मी लोकांची वीज तोडायचो ना, त्याचं हे व्याज."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सिस्टरांचे उपकार कसे फेडू कळत नाही. त्या दर पंधरा दिवसांनी मशीनची जाळी बदलायला येतात, एवढंच आमचं नातं.

८ मार्च

दोन दिवस पैलवानाला हात लावला नाही. काम ठप्प. आज तो कपड्यात गुंडाळून पलंगाखाली ढकलला. आप्पा म्हणाले, "त्याचा काय दोष? तो संध्याकाळी—" मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, "आप्पा, पैलवानाचं नाव या घरात काढायचं नाही." फार वरच्या पट्टीत बोलले.

११ मार्च

मूर्ती लहान पण कीर्ती महान! आज दुकानातून नवा कॉम्प्युटर आणला. कसला कॉम्प्युटर, साबणाच्या दोन वड्यांएवढा डबा. दुकानदारानं समजावलं, याचा प्रोसेसर, म्हणजे याचं डोकं, मोबाईलच्या जातीचं आहे, कमीत कमी वीज खाणारं. त्यानं भिंतीतल्या सॉकेटला आकडा दाखवणारं यंत्र लावून समोरच दाखवलं. पैलवानासारखा कॉम्प्युटर जोरात काम करताना दोनशे साठ वॅट, हा पासष्ट. चौथा हिस्सा! डोळ्यांनी पाहिलं, मग आणखी काय हवं?

हळू आहे हे त्यानं सांगितलं. जे चित्र पैलवान चाळीस मिनिटांत शिजवतो त्याला हा चार तास घेतो. बाई दुरुस्त्या सांगतात, तेव्हा दिवसाला पाच चित्रं धरावी लागतात, म्हणजे हा जवळजवळ चोवीस तास चालणार. चालू दे की. मुंगी थांबते का कधी? नावच ठेवलं, मुंगी.

१२ मार्च

मुंगीचा पहिला दिवस. दहा वाजता बॅटरी शंभर टक्के. एक वाजता पंचेचाळीस. आप्पा काठी टेकत इन्व्हर्टरपाशी आले, आकडा पाहिला, घड्याळ पाहिलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "सूनबाई, वॅट बघू नकोस नुसते. तास मोज."

मी म्हटलं, "आप्पा, तुमचे ते चाकाचे मीटर गेले आता. हे नवं तंत्र आहे, मी स्वतः आकडा पाहून आणलंय." माझा चेहरा त्यांना कसा दिसला असेल कोण जाणे. मग म्हणाले, "बरं. पहिला दिवस आहे, बघू." आणि आपल्या खोलीत गेले.

चार वाजता पंचवीस टक्के शिल्लक. निभलं!

१३ मार्च

सकाळी नऊला सिस्टर येऊन गेल्या. जाळी बदलली. मशीन किती तास चाललं याचा आकडा त्याच्याच अंगावर असतो, तो त्यांनी कार्डावर टिपला, १७४१०. जाताना म्हणाल्या, "काका ठणठणीत आहेत. बडबड चालू आहे म्हणजे फुप्फुसं चालू आहेत."

आप्पांनी एक गोष्ट सुचवली. मशीनची घरघर माझ्या कामात येते, तर ते गॅलरीत ठेवावं, त्यांच्या खिडकीच्या पलीकडे, आणि नळी लांब लावावी. मशीनला हवाही मोकळी मिळेल. किती विचार करतात माझा! लगेच हलवलं. खिडकीतून हात लांबवला की बटण हाताशी.

आणि आज चार वाजता बॅटरी पासष्ट टक्के! काल पंचवीस, आज पासष्ट. यंत्रालाही एखादा दिवस सवय लागायला जातो बहुतेक. मुंगीच्या पाठीवरून हात फिरवला. कोमट होती.

१७ मार्च

सलग पाचवा दिवस, चार वाजता साठच्या वर. दुकानदाराला फोन करून आभार मानले. तो बिचारा गोंधळला, त्याला आभारांचे फोन येत नसावेत.

बारा चित्रं झाली. बाई खूश आहेत.

आप्पाही शहाणे झालेत. पूर्वी दिवसभर घरभर हिंडायचे, नळी कुठेतरी अडकायची, मी ओरडायची. आता दहा ते चार खुर्चीतून हलत नाहीत. दारातून डोकावते तेव्हा नळी नाकाला, डोळे मिटलेले, हात मांडीवर. जेवण चारनंतर मागतात. म्हणतात, दुपारी खाल्लं की जड होतं.

२० मार्च

बोटात घालायचं ते ऑक्सिजन मोजणारं यंत्र चालेना. उघडलं तर आत सेल नाहीत. आप्पा म्हणाले, "घड्याळातले संपले होते, त्यात घातले." मी म्हटलं, "अहो, घड्याळापेक्षा हे महत्त्वाचं ना!" तर म्हणाले, "वेळ कळायला नको?" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. सेल आणायचे आहेत.

नवऱ्याशी त्यांचं बोलणं दोन मिनिटांत आटपलं. एरवी अर्धा तास सोडत नाहीत. "हो, बरं, जेवलास का," एवढंच. नवरा म्हणाला, "बाबा थकलेत का गं?" मी म्हटलं, "उन्हाळा आहे."

२३ मार्च

अठ्ठावीस चित्रं. बाईंनी त्यांच्या मुख्य साहेबांना दाखवली, त्यांनी विचारलं की कोणत्या कंपनीनं केली. बाई म्हणाल्या, "एक बाई घरून करते." मी दिवसभर आरशासमोरून उगाच जात होते.

आप्पांना सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तीन वाजले असतील. बोलले नाहीत, नुसती मान हलवली. हात गार होता आणि नखं निळसर. शब्दकोडं सोडवतात ना, पेनाची शाई लागते. पाय सुजलेत थोडे, बसून बसून. चाललं पाहिजे म्हणून मीच रागावले.

रात्री बरे असतात, सकाळी तर एकदम छान. सकाळचा चहा आम्ही दोघं गप्पा मारत घेतो. मला या दिवसांबद्दल किती कृतज्ञ वाटतं ते कुणाला सांगू? काम आहे, आप्पा घरात आहेत, आणि बॅटरी पुरतेय. माणसाला आणखी काय लागतं?

२७ मार्च

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर ओरडेन.

सकाळी नऊला सिस्टर आल्या. जाळी काढली, उजेडात धरली, म्हणाल्या, "ही इतकी स्वच्छ कशी?" मग मशीनवरचा आकडा पाहिला. कार्ड पाहिलं. पुन्हा आकडा पाहिला. मला विचारलं, "काका मशीन बंद करतात का?"

मी म्हटलं, "छे! नळी तर सतत नाकाला असते."

"नळी असेल. मशीन नसतं." त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. तेरा तारखेला १७४१०. आज १७६६२. चौदा दिवसांचे तीनशे छत्तीस तास व्हायला हवेत, झालेत दोनशे बावन्न. "चौऱ्याऐंशी तास गायब आहेत," सिस्टर म्हणाल्या. "चौदा दिवस. रोजचे सहा."

रोजचे सहा. दहा ते चार.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आयुष्यभर लोकांचे मीटर वाचले, आणि पकडले गेले ते मीटरवरच.

सिस्टरांनी आपल्या पिशवीतलं यंत्र त्यांच्या बोटाला लावलं. नव्वद. मग म्हणाल्या, "काका, दोन मिनिटं मशीन बंद करून बसा. मला बघू दे." मिनिटाभरात ऐंशी, मग एकोणऐंशी, आणि त्यांनी झटकन बटण पुन्हा दाबलं. पायावर बोट दाबून पाहिलं, खळगा तसाच राहिला. म्हणाल्या, "हृदयावर ताण आलाय. आत्ताच्या आत्ता निघायचं."

गाडीत मी आप्पांचा हात धरला होता. विचारलं, "का?" ते म्हणाले, "तुझी मुंगी फार खाते गं." तेवढंच.

मी वेडी, रोज चार वाजता बॅटरीचा आकडा पाहून आनंदानं नाचत होते. ती शिल्लक मुंगीची नव्हतीच. तो आप्पांचा श्वास होता, पासष्ट टक्के, आणि मी आभार मानले दुकानदाराचे.

२८ मार्च

डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर सांगता आलं नसतं. आत्ता आणलंत म्हणून आशा आहे, पण चोवीस तास पाहावं लागेल.

नवऱ्याला सांगितलं. तो समुद्रात कुठेतरी, आवाज तुटत होता. रागावेल वाटलं. तो रडला आणि म्हणाला, "तू तिथे आहेस म्हणून मी इथे आहे." मला ते ऐकवेना. मी तिथेच होते, पाच पावलांवर, कानात हेडफोन घालून.

बाईंना कळवलं की काम थांबलंय, दुसऱ्या कुणाला द्यायचं तर द्या. त्यांनी लिहिलं, "आधी घरचं बघा. पंधरवडा मी सांभाळून घेते." ओळखदेख नसलेली माणसं इतकी चांगली का वागतात?

२९ मार्च

पायाची सूज उतरतेय. आज पूर्ण वाक्य बोलले. "इथल्या चहापेक्षा सलाइन बरं."

३० मार्च

आज एक अजब दिवस गेला.

सकाळी आप्पांनी विचारलं, "पैलवान कुठे आहे?" मी म्हटलं, "पलंगाखाली. त्याचं नाव कशाला?" तर म्हणाले, "त्या दिवशी नाव काढू दिलं नाहीस म्हणून ही वेळ आली. आता ऐकतेस का? वीज आली की घरी जा. पैलवान आणि मुंगी दोघांना टेबलावर मांड. दोघांना तेच चित्र दे, एकामागून एक. घरातलं बाकी सगळं बंद, फ्रिजसुद्धा. आणि मीटरपाशी जा."

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही दवाखान्यात आहात." ते म्हणाले, "मीटर आहे घरात. मी इथून सांगतो."

दुपारभर सिस्टर त्यांच्यापाशी बसल्या, सुट्टी होती म्हणे. सुट्टीच्या दिवशी कोण बसतं परक्याच्या उशाशी! मी चार वाजता घरी पोचले. फोन कानाला लावून जिन्याच्या कोपऱ्यातल्या मीटरसमोर उभी राहिले.

"आकडा आधी मोठ्यानं म्हण, मग लिही," आप्पा म्हणाले. "नुसता डोळ्यानं वाचलेला आकडा खोटा असतो. डोळा त्याला हवं तेच वाचतो." मी मोठ्यानं म्हटला. वरच्या मजल्यावरून उतरणारे गृहस्थ माझ्याकडे बघत, भिंतीला चिकटून गेले.

आधी पैलवान. मीटरवरचा छोटा लाल दिवा भराभर उघडझाप करू लागला, छाती धडधडल्यासारखा. मला भीती वाटली. पण चाळीस मिनिटांत चित्र झालं, मी पैलवान आणि पडदा दोन्ही बंद केले, दिवा थांबला. आकडा मोठ्यानं म्हटला. खर्च सतरा शतांश युनिट.

मग मुंगी. लाल दिवा सावकाश, दमादमानं. एकदा लागला की वाटायचं आता पुन्हा लागतच नाही. "बघा, किती कमी!" मी म्हणाले. आप्पा म्हणाले, "बस आता तिथे खुर्ची टाकून."

बसले. पहिल्या तासाला आप्पांना झोप लागली. दुसऱ्या तासाला मी पोळी खाल्ली, जिन्यातच. दिवा लागत होता, विझत होता. मुंगीसोबत तिचा पडदा, तिची डिस्क, तिचा चिमुकला पंखा, सगळे तितकाच वेळ जागे. चार तासांनी चित्र झालं. आकडा मोठ्यानं म्हटला, लिहिला, आणि वजाबाकी दोनदा केली.

छत्तीस शतांश. दुपटीहून जास्त.

तेच चित्र, तीच खिडकी, तेच ऊन. फरक एवढाच की एकानं पटकन खाऊन ताट उचललं, आणि दुसरी दिवसभर चिमूट चिमूट खात बसली.

आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "थेंबे थेंबे तळं साचतं तसं रिकामंही होतं, सूनबाई. वॅट म्हणजे किती भराभर खातो. युनिट म्हणजे किती खाल्लं. मी पस्तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो. भांडायचे माझ्याशी, दिवा तर बारीक होता म्हणून. अहो, पण लावलात किती वेळ!"

"मग बारा तारखेला मला ओरडून का नाही सांगितलंत?"

"तास मोज म्हटलं होतं."

म्हटलं होतं. मी म्हटलं होतं, तुमचे चाकाचे मीटर गेले.

३१ मार्च

आप्पा घरी आले! जिना चढायला अकरा मिनिटं. मध्ये दोनदा खुर्ची. खालच्या गाळ्यातला शिंपी आणि वरचे ते गृहस्थ दोघांनी खुर्चीसकट उचलायची तयारी दाखवली. आप्पा म्हणाले, "उचलायची घाई नको, वेळ आहे अजून." सगळे हसले, मी सोडून.

मशीन गॅलरीतून आत आणलं, माझ्या टेबलाच्या शेजारी. घरघर करू दे. हेडफोन कपाटात टाकला.

नवी पद्धत ठरली. दहा ते चार मी मुंगीवर नुसती आखणी करायची, कारण आखताना तिला फारसं काम नसतं आणि तिथे ती खरोखरच थोडक्यात भागवते. मुंगीला घरातून काढायचं नाही असं आप्पांनी बजावलं. चार वाजता वीज आली की पैलवान उठणार, रात्रीच्या जेवणाआधी पाचही चित्रं शिजवणार आणि झोपणार. बॅटरीला त्याचा वाससुद्धा लागणार नाही. इतकं साधं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोसुद्धा दवाखान्यावरून.

२ एप्रिल

आज चार वाजता बॅटरी चौदा टक्के. माझ्या खोलीतला पंखाही बंद ठेवला होता, तरी चौदा. तो कमी आकडा मी मोठ्यानं म्हटला, मग लिहिला. बाकीचे शहाऐंशी कुणी खाल्ले ते मला माहीत आहे, समोरच बसून शब्दकोडं सोडवत होते. नखं गुलाबी. शाई नव्हतीच ती.

बोटावरचं यंत्र ब्याण्णव दाखवतंय. सेल मी स्वतः घातले.

९ एप्रिल

साठावं चित्र आज पाठवलं. बाईंनी पंधरवडा दिला होता, तो लागलाच नाही. शेवटच्या खोलीतली खिडकी आप्पांनी सुचवली तशी केली, खुर्चीच्या उजवीकडे, म्हणजे बसणाऱ्याला हात लांबवला की बंद करता येईल. ते म्हणाले आणि आम्ही दोघांनी एकदम गॅलरीच्या खिडकीकडे पाहिलं. मग मी ती खिडकी दुसऱ्या भिंतीवर हलवली.

१२ एप्रिल

बाईंचा फोन आला. पुढच्या इमारतीचं काम देतायत, शंभराच्या वर चित्रं, घरूनच. मी विचार करून सांगते म्हटलं.

आप्पांनी ऐकलं होतं. दुपारी चहा घेताना विचारलं, "विचार कसला करायचाय?"

मी कप खाली ठेवला. गेले पंधरा दिवस जे बोलायचं होतं ते बोलले. म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी मी फोनवर मैत्रिणीला म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना? तुमच्यामुळे घरी बसलेय म्हणून."

"ऐकलं. खरंच होतं ते."

"खरं नव्हतं. नोकरी मी सोडली. आणि मग आठ महिने मनातल्या मनात तुम्हाला बोल लावत राहिले. तुम्ही त्या शब्दांसाठी श्वास बंद करून बसलात. मला ते कसं सहन होईल सांगा." इतकं बोलून मला रडू फुटलं.

आप्पांनी मला रडू दिलं. मशीन घरघरत होतं. मग म्हणाले, "तूही मला न विचारता माझ्यासाठी नोकरी सोडलीस. मीही तुला न विचारता तुझ्यासाठी मशीन बंद केलं. दोघंही उंटावरचे शहाणे. आता ठरव, यापुढे काही सोडायचं झालं तर आधी एकमेकांना विचारायचं."

"कबूल," मी म्हटलं.

"मग बाईंना हो कळव. कळव आत्ताच, माझ्यासमोर."

कळवलं. त्यांचं उत्तरही लगेच आलं. मी डोळे पुसले, मुंगी चालू केली आणि पहिली भिंत आखायला घेतली. आप्पा नळी सारखी करून खुर्चीत मागे टेकले.

मी विचारलं, "तुम्ही काय करणार आता? झोपताय?"

"झोपतो कसला! मलाही काम आहे. डॉक्टरांनी दिलंय."

"कसलं?"

"श्वास घ्यायचं. चोवीस तास, एक दिवस सुट्टी नाही. तू तुझं कर, मी माझं करतो."